जंतूंना धाप लागते तेव्हा

"यंदा तू मराठी विभागात लिहायचंस," असं फर्मान आमच्या रूमवर निघालं. काढणारी माझीच रूममेट, कारण या वर्षी मराठी विभागाची संपादिका ती आहे. मी म्हटलं, "अगं बाई, मी कॉन्व्हेंटची! मला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक कळायला अजून तीन सेकंद लागतात." ती लातूरकडची, ऐकते कुठे! पाऊस, मैत्री आणि मेसचं जेवण हे तीन विषय तिने आधीच बाद केले होते, कारण ते दर वर्षी येतात. मग म्हणाली, "तू रोज रात्री ज्या वासाच्या बाटलीपाशी जाऊन बसतेस ना, तिच्यावर लिही. सगळ्या हॉस्टेलला कुतूहल आहे."

तर मंडळी, हा लेख त्या वासाच्या बाटलीवर आहे. व्याकरणाच्या चुका संपादिकेच्या नावावर टाकाव्यात ही नम्र विनंती.

बाटली म्हणजे आमचा मिनी प्रोजेक्ट. काचेचं तीन लिटरचं भांडं, आत दोन लिटर पाणी, पाण्यात थोडे क्षार आणि स्यूडोमोनास प्युटिडा नावाचे जंतू. मधोमध एक दांडा, दांड्यावर चकती आणि चकतीच्या कडेला सहा उभी पाती. ही रश्टन टर्बाइन. (रूममेट तिला 'ताक घुसळायची रवी' म्हणते आणि खरं सांगायचं तर व्हायवाला मी यापेक्षा सोपं उत्तर देऊ शकले नसते.) तळाशी भोकं पाडलेली नळी, तिच्यातून हवेचे बुडबुडे सोडायचे. फक्त ही हवा साधी नाही. तिच्यात टोल्युइनची वाफ मिसळलेली आहे. टोल्युइन म्हणजे ऑइलपेंटच्या दुकानात शिरल्यावर नाकात जातो तो वास. थिनरमध्ये, छपाईच्या शाईत, चिकटवायच्या सोल्यूशनमध्ये तो असतो. आमचे जंतू हा वास खातात. अक्षरशः खातात, त्यावर वाढतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतात. आत जाताना हवेला वास असतो, बाहेर पडताना नसतो. निदान नसावा, अशी अपेक्षा असते.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलंय कुठे? जंतूंना खायला घालायचं आणि घरी जायचं! आम्हालाही पहिले पंधरा दिवस असंच वाटत होतं. सगळ्या चर्चा खाण्याच्याच. टोल्युइन किती द्यायचं, विषारी ठरेल का, नायट्रोजन पुरेल का. सर एकदा येऊन शांतपणे म्हणाले, "जेवणाचं झालं असेल तर आता श्वासाचं बघा."

आणि तिथून या प्रोजेक्टला खरी मजा आली.

माझ्या रूममेटने सातवी-आठवीत ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हणत विज्ञान शिकलं. मी 'ऑक्सिजन' म्हणत शिकले. मला तो शब्द नेहमी नाटकी वाटायचा. आता नाही वाटत. टोल्युइनचा एक रेणू पुरता जाळायला, मग तो आगीत जाळा नाहीतर जंतूंच्या पोटात, ऑक्सिजनचे नऊ रेणू लागतात. वजनात सांगायचं तर एक ग्रॅम टोल्युइनला तीन ग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन. प्रत्यक्षात खाल्लेल्यातला काही भाग जंतूंच्या अंगी लागतो, जळत नाही, त्यामुळे गरज थोडी कमी होते, साधारण दोन ग्रॅमवर येते. तरी घासाच्या दुप्पट श्वास झालाच की! शिवाय या जंतूंना ऑक्सिजन आपल्यासारखा नुसता श्वासासाठी लागत नाही. टोल्युइनच्या रेणूतलं ते सहा कार्बनचं कडं भलतंच घट्ट असतं. ते सैल करायला एक एन्झाइम ऑक्सिजनचा अख्खा रेणू त्या कड्यात नेऊन बसवतं. पुढे कडं तोडायला दुसरं एन्झाइम पुन्हा एक रेणू वापरतं. म्हणजे ऑक्सिजन इथे श्वास तर आहेच, शिवाय सुपारी फोडायचा अडकित्ताही आहे. तो संपला की जंतू समोरचं ताट नुसतं बघत बसतात.

पण हवेत तर ऑक्सिजन ढीगभर आहे ना? आहे. हाच तर विनोद आहे. एक घनमीटर हवेत पाव किलोहून थोडा जास्त, म्हणजे साधारण २७५ ग्रॅम ऑक्सिजन असतो. आणि त्याच हवेला चिकटलेल्या एक घनमीटर पाण्यात, २५ अंश तापमानाला, विरघळून विरघळून विरघळतो किती, तर जेमतेम ८ ग्रॅम! पाण्याला ऑक्सिजन आवडतच नाही. याउलट टोल्युइन. शाळेपासून आपण घोकतो की ते पाण्यात मिसळत नाही. पण हवेच्या तुलनेत बघितलं तर चित्र उलटं होतं. हवेत घनमीटरला एक ग्रॅम टोल्युइन असेल तर समतोल झाल्यावर पाण्यात घनमीटरला साडेतीन-चार ग्रॅम जातं. दोघांची तुलना केली तर टोल्युइन ऑक्सिजनपेक्षा शंभराहून जास्त पटीने पाण्याकडे ओढलं जातं. म्हणजे एकाच बुडबुड्यातून दोघं निघतात, जेवण सुसाट आत शिरतं आणि श्वास दारातच अडखळतो.

हे दार म्हणजे काय, त्यावर १९२३ साली व्हिटमन नावाच्या गृहस्थांनी एक चित्र काढून दिलं, ते आपण अजून पेपरात काढतो आणि चार मार्क मिळवतो. बुडबुड्याच्या भोवती पाण्याचा एक पातळ, सुस्त थर असतो. बाकीचं पाणी कितीही खळबळत असो, हा थर जागचा हलत नाही, आणि ऑक्सिजनच्या रेणूला तो हळूहळू, ढकलाढकली करतच पार करावा लागतो. एसटी रिकामी आहे, स्टँडवर गर्दी आहे आणि सगळा घोळ दारात आहे, तसं. पुढे १९५१ मध्ये डँकवर्ट्स यांनी म्हटलं, थर असा चिकटून बसत नाही. पाण्याचे छोटे छोटे तुकडे पृष्ठभागावर येतात, ऑक्सिजन घेतात आणि पुन्हा आत जातात. हे डँकवर्ट्स म्हणजे १९४० साली लंडनवर पडलेले पॅराशूट माइन निकामी करून जॉर्ज क्रॉस मिळवणारे! (आमच्या बॅचमध्ये असं शौर्य फक्त सबमिशनच्या आदल्या रात्री दिसतं.) आणि यांच्याच हाताखाली केंब्रिजला पीएच.डी. करून १९६४ मध्ये मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत, प्राध्यापक झाले ते एम. एम. शर्मा. वायू आणि द्रव यांच्या सीमेवर काय चालतं हा त्यांचा हातखंडा विषय. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुस्तकात इंग्रजी नावं वाचून वाचून आपल्याला वाटतं की हे सगळं तिकडेच झालं. माटुंग्यातही झालंय, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

असो. तर दारातली गर्दी कमी करायला दोनच उपाय. दारं वाढवा, नाहीतर दारातला थर पातळ करा. एक लिटर हवेचा एकच मोठा गोळा पाण्यात सोडला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस फूट भरतो. तीच हवा तीन मिलिमीटरच्या बुडबुड्यांत फोडली तर एकवीस चौरस फूट! हे फोडायचं काम आमची रवी करते, आणि थर पातळ करायचं कामही तीच करते. या दोन्हींचा मिळून जो एक आकडा येतो त्याला केएलए म्हणतात. सगळ्या केमिकल आणि बायोटेकच्या पोरांना हा आकडा पाठ असतो आणि त्याचा अर्थ कोणालाच माहीत नसतो. अर्थ साधा आहे: पंगतीत वाढपी किती आणि किती चपळ. भात स्वयंपाकघरात हंडाभर पडलाय, पण वाढपी दोनच असतील तर पंगत उपाशीच. आमच्या बाटलीचा हिशोब बघा. मिनिटाला बाटलीतल्या पाण्याइतकी हवा सोडली तर एक घनमीटर पाण्यामागे तासाला ६० घनमीटर हवा जाते, म्हणजे सोळा किलोहून जास्त ऑक्सिजन बुडबुड्यांतून वर निघून जातो. आणि ताशी ६० इतका केएलए असेल तर पाण्यात उतरतो फार तर अर्धा किलो. बाकीचा नुसता फिरायला आल्यासारखा येतो आणि जातो.

आणि विरघळलेला साठा किती पुरतो? जंतू जोरात खात असतील तर फार तर मिनिटभर. हे आम्ही मोजलंय, आणि मोजायची पद्धत ऐकून संपादिका कळवळली. हवा बंद करायची, रवीचा वेग अगदी मंद करायचा आणि ऑक्सिजनचा काटा कसा उतरतो ते बघायचं. जंतूंचा श्वास रोखून धरायचा म्हणा ना. काटा ज्या उताराने खाली येतो तो त्यांचा श्वासाचा वेग. मग पुन्हा हवा सुरू करायची. काटा वळण घेत वर चढतो, त्या वळणातून केएलए निघतो. काटा शून्यावर जायच्या आत हवा सोडावी लागते, नाहीतर जंतूंचेही हाल आणि आकडेही निकामी. तिथे उभं राहिल्यावर नकळत आपलाही श्वास रोखला जातो. मामांनी (लॅबमधले मामा, माझे नव्हेत) एकदा विचारलं, "ताई, तुम्ही का तोंड दाबून उभ्या?"

हा काटा टक्क्यांत असतो. हवेने तृप्त झालेलं पाणी म्हणजे १००. पहिल्यांदा स्क्रीनवर ९४ बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आला असता. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मी दहावीत होते, परीक्षा रद्द झाली होती, आणि घरात आजोबांच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा वाचून दर तासाला वहीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. ९४, ९३, ९१. दोन्ही टक्के वेगळे आहेत, रक्तातला आकडा हिमोग्लोबिन किती भरलंय ते सांगतो, पाण्यातला विरघळलेलं किती ते सांगतो. पण मूळ अडचण एकच, पाण्याला ऑक्सिजन धरता येत नाही. रक्तातलं नुसतं पाणी लिटरमागे ३ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. हिमोग्लोबिन आलं की तोच आकडा २०० च्या आसपास जातो. हिमोग्लोबिन नसतं तर आपण सगळे त्या बाटलीतल्या जंतूंसारखे सतत धापा टाकत बसलो असतो. आजोबा बरे झाले. ती वही अजून घरी आहे.

आता प्रयोगाचं सांगते. हवेत घनमीटरला २ ग्रॅम टोल्युइन होतं तोवर सगळं झकास. रवी ४०० आरपीएमवर, काटा पन्नाशीच्या आसपास, बाहेरच्या हवेत टोल्युइन जवळजवळ नाहीच. मग आम्ही ते ५ ग्रॅमवर नेलं. तासाभरात काटा शून्यावर आणि बाहेर दीड ग्रॅमच्या जवळपास टोल्युइन सुटायला लागलं. जंतू जिवंत, जेवण भरपूर, पण हात थांबलेले. रवी ६०० वर नेली. काटा पस्तिसापर्यंत वर आला आणि बाहेरचं टोल्युइन पुन्हा खाली. आम्ही तिघंही नाचलो!

सर आले, आलेख बघितला आणि म्हणाले, "छान. पण ऑक्सिजनच कमी पडत होता कशावरून? रवी जोरात फिरवली की टोल्युइनही जास्त वेगाने पाण्यात जातं. कदाचित अडचण त्याची असेल."

प्रश्न रास्त होता. एका हाताने दोन दारं उघडली तर नेमकं कोणतं दार बंद होतं ते कसं सांगायचं? दोन दिवस आम्ही यावर कँटीनमध्ये चहा प्यायलो. उत्तर ग्रुपमधल्या सगळ्यांत अबोल मुलाने दिलं: रवीला हातच लावायचा नाही. ४०० वरच ठेवायची, टोल्युइनही ५ वरच, फक्त हवेत वरून ऑक्सिजन मिसळायचा, २१ टक्क्यांऐवजी ४०. मग टोल्युइनचं दार होतं तसंच राहील, फक्त ऑक्सिजनच्या दारावरचा रेटा वाढेल.

सिलिंडर मिळवायला तीन सह्या लागल्या. टोल्युइनची वाफ आणि जास्तीचा ऑक्सिजन एकत्र म्हटल्यावर मॅडमनी आधी आम्हाला ज्वलनाच्या मर्यादेचं गणित करायला बसवलं, आणि बरोबरच होतं ते. टोल्युइनची वाफ पेट घ्यायला घनफळात साधारण सव्वा टक्का तरी असावी लागते, आमची त्याच्या दहा टक्के, म्हणजे बरीच सुरक्षित. तरीही सगळं फ्यूम हूडमध्ये, आणि जवळ एकही ठिणगी नाही. सिलिंडर ढकलत आणताना मामा म्हणाले, "एकवीस साली हाच मिळत नव्हता बघा." तेव्हा केंद्र सरकारने नऊ उद्योग सोडून बाकी कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून हॉस्पिटलांकडे वळवला होता. मामांचे भाऊ तेव्हा रांगेत उभे होते. त्यापुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. व्हॉल्व्ह उघडताना मात्र सगळ्यांनीच जरा सावकाश उघडला.

काटा पाच मिनिटांत हलला. दोन तासांनी बाहेरच्या हवेचा नमुना जीसीवर टाकला तर टोल्युइन दीड ग्रॅमवरून पाव ग्रॅमवर. रवी तीच, जंतू तेच, जेवण तेच. अडलं होतं ते श्वासावाचूनच. सर फक्त "हं" म्हणाले. आमच्या डिपार्टमेंटमध्ये सरांचं "हं" म्हणजे डिस्टिंक्शन.

आता मी या सगळ्यात एवढी का गुंतले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल हिला जंतूंचा पुळका आलाय. माझे बाबा प्रेसमध्ये ऑपरेटर आहेत. चिवडा-फरसाणाच्या पाकिटांवर रंगीत छपाई होते ना, ती. नाव सांगत नाही, नाशिकच्या बाजूची एमआयडीसी समजा. शाई पातळ करायला टोल्युइन आणि इथाइल ॲसिटेट, आणि शाई वाळली की ते सगळं हवेत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांच्या शर्टाला असा वास असतो. कॉन्व्हेंटच्या पेरेंट्स मीटिंगला ते पोचले की माझ्या शेजारची मुलगी नाक मुरडायची. आई शर्ट गॅलरीत वेगळा वाळत घालते. संध्याकाळी त्यांचं डोकं दुखतं, शिफ्ट लांबली तर गरगरतं, आणि ते म्हणतात, "सवयीचं आहे गं." त्याच प्रेसमधून माझी कॉन्व्हेंटची फी गेली आणि या कॉलेजचीही जाते.

दिवाळीत मी प्रोजेक्टबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग तुझे जंतू आमच्या प्रेसचा वास खातील का?" मी म्हटलं, "बाबा, फॅन केवढा आहे तुमचा?" दुसऱ्या दिवशी आईची शिवणकामाची टेप घेऊन गेले आणि मोजून आले. अठरा इंची.

अठरा इंची फॅन सेकंदाला सात-आठ मीटर वेगाने हवा फेकतो असं धरलं तर तासाला चार हजारांहून जास्त घनमीटर हवा. आमच्या बाटलीच्या प्रमाणात टाकी बांधायची तर सत्तर हजार लिटरची! म्हणजे पाण्याचे सात टँकर, वर त्यांना ढवळायचं. बाबा खूप हसले. "मालक आधी तुलाच ढवळेल," म्हणाले. आणि खरंच, एवढ्या मोठ्या, विरळ वासाच्या हवेला ढवळायची टाकी वापरणं वेडेपणा आहे. तिथे कंपोस्ट आणि लाकडाचे तुकडे भरलेला साधा बायोफिल्टर परवडतो. हवा नुसती ओल्या थरातून जाऊ द्यायची, ढवळणं वगैरे काही नाही. पण त्यालाही मीटरभर खोलीचा थर आणि एका वनबीएचके फ्लॅटएवढी जागा लागते, आणि शेडमागे तेवढी जागा नाही.

मी मात्र त्या गणितापाशी अडून बसले. फॅन चार हजार घनमीटर का फेकतो? कारण वास आधी सगळ्या शेडभर पसरू देतात आणि मग सगळी शेडच बाहेर फेकतात. वास सुटतो कुठून, तर शाईच्या ट्रेवरून आणि सुकवायच्या पट्ट्यातून. तिथेच पत्र्याचा हूड बसवून ओढून घेतला तर हवा कितीतरी कमी आणि वाफ दाट. समजा तासाला ३०० घनमीटर आणि घनमीटरला ५ ग्रॅम. नेमका आमच्या बाटलीतला आकडा! मग पाच घनमीटरची टाकी पुरते. आणि बाबांच्या नाकापाशी तेवढा वास कमी, हे तर जंतूंच्याही आधी. म्हणजे जिथे हवा थोडी आणि वाफ दाट, तिथेच ढवळायची टाकी कामाची. आणि तिथेच पुन्हा श्वासाचा प्रश्न उभा राहतो, कारण वाफ दाट झाली की ऑक्सिजन कमी पडणारच.

मग रवी जोरात फिरवा! फिरवा की. पण विजेचं बिल कोण भरणार? रवीचा वेग दुप्पट केला की वीज आठपट लागते, आणि केएलए वाढतो फार तर दुप्पट ते चौपट. शेवटचा थोडासा श्वास सगळ्यांत महाग पडतो. घनमीटरमागे अर्धा ते एक किलोवॅट धरला तर पाच घनमीटरला आठ तासांच्या शिफ्टमध्ये वीस ते चाळीस युनिटं. वर ब्लोअरचे वेगळे. आणि फेस आला म्हणून फेस मारायचं औषध टाकलं तर बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात, केएलए घसरतो आणि काटा खाली. आम्हाला हे एका रात्री दोन थेंबांत दिसलं. दूध उतू जाताना फुंकर मारावी तसं ते औषध मारावं लागतं, थोडं आणि वेळेवर.

दुसरा एक मार्ग आहे, तो मला फार आवडतो. पाण्यात थोडं तेल घालायचं. साधं नाही, सिलिकोन ऑइल, जे जंतू खात नाहीत. त्यात ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त विरघळतो. तेलाचे थेंब बुडबुड्यापाशी ऑक्सिजन भरून घेतात आणि पाण्यात नेऊन सोडतात. हिमोग्लोबिनचंच काम, जरा ओबडधोबड. टोल्युइनही तेलात साठतं, त्यामुळे एकदम जास्त आलं तरी जंतू गुदमरत नाहीत आणि रविवारी प्रेस बंद असली तरी डबा शिल्लक राहतो. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात अँड्र्यू डॉगुलिस यांच्या गटाने अशा दोन-द्रवांच्या बायोरिॲक्टरवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आणि ही कल्पना किती लांब जाते बघा: १९६६ साली लेलँड क्लार्क यांनी ऑक्सिजनने भरलेल्या फ्लुओरोकार्बन द्रवात उंदीर बुडवून दाखवला, आणि तो उंदीर द्रवातच श्वास घेत जगला. हे तेच क्लार्क, ज्यांनी ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड बनवला, ज्याचा वंशज आमच्या बाटलीत खोचलेला आहे. एकाच माणसाने श्वास मोजायचं यंत्र दिलं आणि पाण्याहून मोठा श्वास धरणारा द्रवही दाखवला. फक्त तेल महाग आणि घट्ट, ढवळायला पुन्हा वीज. सरांचं म्हणणं, "आधी हूड बसवा, मग तेलाचं बघू." मला वाटतं तेल पाच टक्के घालून बघायलाच हवं. पुढच्या सेमला बघूच.

बाबांनी मालकांकडे हूडचा विषय काढला. मालक म्हणाले, "पंखा आहे ना?" बाबांनी वाद घातला नाही. ते तसे वाद घालत नाहीत. पण परवा फोनवर एक फोटो आला. रंग सरकून वाया गेलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढलेला पत्र्याचा हूड, ट्रेच्या लांबीरुंदीसकट, आणि वर सहा इंची पाइप. खाली लिहिलेलं, "पत्रा जुना पडून आहे. सुट्टीच्या दिवशी वाकवून देतो म्हणाला फिटर. पाइपातून किती हवा जाईल, तू काढ."

त्यासाठी हवेचा वेग मोजायला हवा. ॲनिमोमीटर फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आहे. मामा शनिवार-रविवारसाठी द्यायला तयार आहेत, एचओडींची सही तेवढी बाकी आहे.